सात घरं, छप्पन्न इगेल

पुण्याला गेले की आमच्या आत्याबाई अजून विचारतात, "तू तिकडे जर्मनीत नक्की करत होतीस तरी काय गं?" मी सांगते, शाळांमध्ये दुभाषी होते. त्यावर त्या म्हणतात, "ते कळलं. पण नोकरी कसली?" त्यांचंही चुकत नाही. दोन माणसांच्या मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगणं हे काम आमच्या खानदानात सगळ्याच बायका फुकटात करत आल्या आहेत. त्याची नेमणूक होते, वेळापत्रक असतं, वर 'वाटेल ते बोलायचं नाही' असं लिहून सही घेतात, यावर आत्याबाईंचा विश्वास बसत नाही.

र्युसेल्सहाइममध्ये मोटारीचा कारखाना आहे, त्यामुळे आपल्याकडचे इंजिनियर इथे बरेच. नवरा कारखान्यात किंवा फ्रँकफुर्टच्या सॉफ्टवेअर कंपनीत इंग्रजीवर निभावून नेतो, पण मुलाच्या शाळेत इंग्रजी चालत नाही. तिथे बाईंशी जर्मनमध्येच बोलावं लागतं, आणि तिथे मला बोलावलं जायचं. गेल्या वर्षी काम थांबवलं, तोवर एकोणीस वर्षं मी हेच केलं.

कामाचे नियम सोपे आहेत. जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, वगळायचं नाही. पदरचं काही घालायचं नाही. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. आणि बोलणारा 'मी' म्हणाला, तर आपणही 'मी'च म्हणायचं. या शेवटच्या नियमाने मला फार छळलं. चिंचवडचे एक गृहस्थ मुलाच्या अभ्यासावरून तापले आणि म्हणाले, "मी याच्या वयाचा असताना वडील मला फूटपट्टीने फोडून काढायचे, म्हणून आज मी इथे आहे!" मी शांतपणे जर्मनमध्ये म्हटलं, "मी याच्या वयाची असताना वडील मला फूटपट्टीने फोडून काढायचे, म्हणून आज मी इथे आहे." बाई हळव्या झाल्या. निघताना त्यांनी माझ्या हातात समुपदेशन केंद्राचं पत्रक ठेवलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, बोलल्याने बरं वाटतं. ते पत्रक मी जपून ठेवलंय.

दुसऱ्या एका आजींनी वर्गशिक्षिकेची शाळेतच ओटी भरली. बाईंनी खण वर्गात भिंतीवर लावला, आणि नारळ फोडायचा तास घेतला. दोन तास झाले तरी नारळ फुटेना. शेवटी हाउसमाइस्टर, म्हणजे शाळेची इमारत सांभाळणारे गृहस्थ, ड्रिल घेऊन आले. माझं काम फक्त सांगायचं असल्यामुळे मी हात लावला नाही. आपटायचा कसा ते मला कुणी विचारलंच नव्हतं.

पण लोकांना मी जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते ती वेराची. तिसरीच्या सगळ्या मुलांची इथे सरकारी शाळांत एक सक्तीची चाचणी होते, तिला वेरा म्हणतात. प्रश्न सगळ्या शाळांना सारखेच. वर्ग कुठे कच्चा आहे ते शिक्षकांना कळावं, एवढाच तिचा हेतू. तिच्यावर मुलाचं काही अडत नाही, तिची नोंद प्रगतिपुस्तकात होत नाही. हे मी आता एका दमात लिहिलं, पण तेव्हा ते पालकांच्या गळी उतरवायला दीड तास लागला होता.

दोन्ही तिसऱ्यांच्या पालकांचा एकत्र एल्टर्नआबेंड होता. एल्टर्नआबेंड म्हणजे पालकसभा, पण ती मुलांच्या खुर्च्यांवर बसून करायची असते. मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसतात आणि त्यामुळे कुणाचाही रुबाब फार वेळ टिकत नाही. तिसरी 'अ'च्या वर्गशिक्षिका होत्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, बेरेन्स. उंच, मोकळ्या, स्वतःच्या विनोदांवर आधी स्वतः हसणाऱ्या. त्यांच्या वर्गात आमची नऊ मराठी मुलं होती. दहावी इरा, केतकी मोकाशीची मुलगी. ती मात्र एकटी 'ब'मध्ये होती, कारण मराठी मैत्रिणींपासून दूर राहिली तर जर्मन पक्कं होईल म्हणून केतकीनेच तसा अर्ज केला होता.

फ्राऊ बेरेन्सनी चाचणीची माहिती दिली आणि हेर, म्हणजे श्रीयुत, केसलर उभे राहिले. हे व्यवसायाने सुतार, आणि शाळेच्या प्रत्येक सभेत त्यांचा एक तरी आक्षेप असायचाच. ते म्हणाले, "माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला मोजायची सरकारला कसली घाई झालीय? त्या दिवशी तिच्या पोटात दुखणार आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवतो." बरेच जर्मन पालक बाकं वाजवायला लागले. इथे टाळ्यांऐवजी बाकं वाजवतात.

केतकीने मला कोपराने ढोसलं. "काकू, त्यांना विचारा, पेपर किती मार्कांचा?"

मी विचारलं. फ्राऊ बेरेन्स म्हणाल्या, मार्क नसतात.

"बरं, मग रँक?"

रँकही नसतो.

"आणि नापास झालं तर?"

नापास होताच येत नाही.

आमची नऊ-दहा कुटुंबं एकमेकांकडे बघायला लागली. मग केतकी उठली आणि कळवळून म्हणाली, "मार्कच देणार नसाल तर परीक्षा घेता कशाला?"

मी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. "गेनाऊ!" हेर केसलर ओरडले. अगदी बरोबर! त्यांना वाटलं, ही आपल्या बाजूची. ते बाकांमधून वाट काढत आले, केतकीचा हात हातात घेऊन हलवला आणि परीक्षा रद्द करण्याच्या अर्जाचा कागद तिच्यापुढे ठेवला. केतकीला वाटलं, हा मार्क मिळावेत म्हणून अर्ज. तिने सही केली, तिच्यामागे आमच्या सगळ्यांनी केली. कागद कुणी मोठ्याने वाचला नाही, त्यामुळे मला भाषांतर करायचं कारण पडलं नाही. मी फक्त ओठ चावून बसले.

शेवटी फ्राऊ बेरेन्स म्हणाल्या, "एक विनंती. घरी तयारी करून घेऊ नका. तुम्ही तयारी करून घेतलीत तर मला तुमची मेहनत दिसेल, मुलाला काय येत नाही ते दिसणार नाही." हे त्या तीन वेळा म्हणाल्या. मी तीनही वेळा शब्दाला शब्द मराठीत सांगितलं. पण खरं सांगायचं तर सांगताना मी हसले. ज्या गावात पहिला आलेला मुलगा सगळ्यांना 'माझा काही अभ्यासच झाला नव्हता' असं सांगतो, त्या गावची मी. बाईंना असं म्हणावंच लागतं, हे मला आमच्या मराठी पालकांइतकंच ठाऊक होतं. शब्द चोख होते, पण त्यांच्यावर माझाच विश्वास नव्हता, आणि ते माझ्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. पालकांनी शब्द सोडून दिले आणि चेहरा घेतला.

दुसऱ्या दिवशी मोकाशी सरांचा वर्ग सुरू झाला.

मोकाशी सर म्हणजे केतकीचे सासरे. सांगलीच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे, अमेयकडे, आले होते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत नदीकाठचे सगळे बाक बसून संपवले होते. सुनेने वेराबद्दल नुसता शब्द टाकला आणि सरांची कळी खुलली. इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकली आणि धुलाई यंत्रांच्या मधोमध त्यांनी फळा टांगला. 'अ'ची नऊ आणि 'ब'मधली इरा अशी दहा मुलं रोज पाच वाजता हजर. मी एकदा बघायला गेले तर यंत्रं घरघरत होती आणि त्या तालावर पोरं पाढे म्हणत होती.

"वृंदाताई, मुलं चलाख आहेत हो," सर मला चिवड्याची बशी देत म्हणाले. "पण आठचा पाढा विचारला की बोटं मोजतात. मनाला लागतं."

"सर, शाळेने तयारी करून घेऊ नका म्हटलंय," मी म्हणाले. चिवडा खाता खाताच म्हणाले, त्यामुळे त्यात फारसा जोर नव्हता.

"ही तयारी कुठे? हे नुसतं बसणं आहे," सर म्हणाले, आणि धुलाई यंत्रापेक्षा वरच्या पट्टीत त्यांनी पुढची ओळ दिली.

यानंतर जे झालं ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण तुम्हाला सलग सांगते. चाचणी मंगळवारी होती. त्या दिवशी फ्राऊ बेरेन्सना ताप आला. म्हणून 'ब'ने मंगळवारी पेपर दिला आणि 'अ'चा गुरुवारवर गेला. 'अ'च्या पुस्तिका दोन दिवस फ्राऊ बेरेन्सच्या कपाटात राहिल्या. मोकाशी सरांना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या हिशेबी परीक्षा सगळ्यांचीच झाली होती.

इरा मंगळवारी घरी आली. आता आपल्याकडे परीक्षा पेपर देऊन संपत नाही. मूल जेवलं की त्याला समोर बसवून 'काय काय आलं होतं' हे विचारायचं, प्रश्नन्‌प्रश्न पुन्हा सोडवायचा, तेव्हा ती संपते. सरांनी छत्तीस वर्षं हे केलं होतं. इथे प्रश्नपत्रिका घरी देत नाहीत म्हटल्यावर त्यांनी इराकडून सगळा पेपर आठवणीने वदवून घेतला. इराची स्मरणशक्ती दांडगी. ती जर्मनमध्ये सांगत गेली, केतकी मराठी करत गेली आणि सर वहीत उतरवत गेले. एकच प्रश्न अडला. इथल्या बागांमध्ये इगेल नावाचा प्राणी असतो, आपल्या साळिंदराचं मुठीएवढं बाळ म्हणा. लोक त्याच्यासाठी लाकडी घरं करून ठेवतात. प्रश्न होता: बागेत इगेलची सात घरं आहेत. संध्याकाळी सगळे इगेल झोपायला येतात. एकूण इगेल किती?

"प्रत्येक घरात किती?" सरांनी विचारलं.

"वाइस इश निश्त," इरा म्हणाली. मला नाही माहीत.

"आठव, आठव. दिलेलं असणारच."

इराने डोळे मिटून आठवलं. नव्हतं दिलेलं, ती ठामपणे म्हणाली. सरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मूल दमलंय, विसरलंय. छापील प्रश्नात माहितीच नाही, असं कधी झालंय का? मुलांना आठचा पाढा कच्चा होता, म्हणून सरांनी प्रत्येक घरात आठ इगेल घातले आणि प्रश्न पूर्ण केला. संध्याकाळी केलरमध्ये दहाही मुलांनी त्यासकट सगळा पेपर सोडवला. आमची परीक्षा अजून व्हायचीय, हे 'अ'च्या मुलांनी सांगितलं नाही, कारण सरांच्या वर्गात विचारल्याशिवाय बोलायचं नसे. सात आठे छप्पन्न. आणि गुरुवारी त्यांतल्या नऊजणांनी खरा पेपर दिला.

दोन आठवड्यांनी मुख्याध्यापिकांचा मला फोन आला. दोन्ही तिसऱ्यांचा तातडीचा एल्टर्नआबेंड आहे, या.

मी पोचले तर केतकी कॉरिडॉरमध्ये, मुलांच्या दप्तरांच्या खुंट्यांजवळ, पांढरीफटक उभी होती. "काकू, 'अ'ची मुलं शाळेत बोललीयेत की हे आम्ही आधीच सोडवलं होतं. कुठे, ते मात्र सांगत नाहीयेत. बाबांना यातलं काहीच माहीत नाहीये. मी सांगितलंच नाही त्यांना. आयुष्यभर बोर्डाच्या परीक्षा घेतल्यात हो त्यांनी, पेपर फुटला म्हटलं की त्यांचं बीपी वाढतं. आणि पुढच्या वर्षी इराचं गिम्नाझियुमचं, त्या हुशार मुलांच्या शाळेचं, ठरणार. प्लीज काकू, आत काही बोलू नका."

"मी कधीच काही बोलत नाही गं," मी म्हणाले. "पण त्यांना घेऊन कशाला आलीस?"

"अमेय ड्रेस्डेनला गेलाय कामासाठी. आणि बाबांना जायच्या आधी इथली पालकसभा बघायचीच होती. सूट घातलाय त्यांनी!"

सर खरोखरच सूट घालून पहिल्या रांगेत, आठ वर्षांच्या मुलाच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या मागे बसले, केतकी माझ्या शेजारी.

मुख्याध्यापिकांनी सुरुवात केली. 'अ'मधले काही निकाल संशयास्पद आहेत. मुलांना प्रश्न आधी कळले होते. पुस्तिका दोन दिवस फ्राऊ बेरेन्सच्या कपाटात होत्या. चौकशी होईपर्यंत सोमवारपासून वर्ग दुसऱ्या शिक्षिका घेतील. फ्राऊ बेरेन्स बाजूला बसल्या होत्या, हात मांडीवर, नाक लाल. सभा सुरू झाल्यापासून त्या एकदाही हसल्या नव्हत्या. त्यांचा वर्ग जाणार होता आणि नावही जाणार होतं. इतक्या छोट्या गावात शिक्षिकेचं गेलेलं नाव परत येत नाही.

मी सरांच्या कानाशी सगळं कुजबुजत होते. त्यांनी जिभेने चुकचुक केलं. "पेपर फुटला? इथेसुद्धा? अरेरे! वृंदाताई, त्यांना विचारा, कपाटाला कुलूप होतं का?"

केतकीने डोळे मिटून घेतले. पण पालकाने विचारलेला प्रश्न मला सांगावाच लागतो. कुलूप होतं, फ्राऊ बेरेन्स हळू आवाजात म्हणाल्या.

"नुसतं कुलूप? लाखेचं सील नाही? मग हे होणारच!" सर मागे वळून म्हणाले. मी तेही सांगितलं. हेर केसलर उठले, म्हणाले, बघा, ही परीक्षा माणसांना चोर बनवते, ती बंदच करा. मागच्या बाकावरून एक आई ओरडली, परीक्षेत काही वाईट नाही, वाईट शिक्षक आहेत. तिसऱ्या कुणी तरी विचारलं, आमच्या मुलांना काहीच येत नाही हे कळायला परीक्षा कशाला हवी, ते आम्हाला ठाऊक आहे. एकाच वेळी पाच जर्मन बोलत होते आणि मी धापा टाकत मराठी करत होते. सर मात्र रंगात आले होते. "हे बरोबर बोलले. यांचंही बरोबर आहे. पण अशा बाईंना वर्गावर ठेवूच नये, मी सांगतो!"

तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी हात वर केला. "एका प्रश्नाचा उलगडा आम्हाला होत नाहीये," त्या म्हणाल्या आणि पुस्तिका उघडून वाचायला लागल्या. बागेत इगेलची सात घरं आहेत.

केतकीने माझं मनगट पकडलं. तिच्या नखांच्या खुणा दुसऱ्या दिवशीपर्यंत होत्या. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. एक वाक्य गाळायचं होतं, बस. एवढ्या गोंधळात एक वाक्य गेलं तर सरांना कळलंही नसतं. ते दोन आठवड्यांनी सांगलीला परत गेले असते, ताठ मानेने. खोटं कशाला बोलू, मी थांबले. मग मला समोर फ्राऊ बेरेन्स दिसल्या. मागच्या सभेत मी त्यांच्या शब्दांत माझं हसू मिसळलं होतं. आता गाळायचंही मीच? मी मनगट सोडवून घेतलं आणि सरांच्या कानाशी वाकले.

"बागेत इगेलची सात घरं आहेत. संध्याकाळी सगळे इगेल झोपायला येतात. एकूण इगेल किती? मुलांना माहिती अपुरी आहे हे ओळखता येतं का, ते बघायला हा प्रश्न मुद्दाम असा घातलाय. बरोबर उत्तर, सांगता येत नाही. 'अ'मधल्या नऊ मुलांनी लिहिलंय, छप्पन्न. हे छप्पन्न कुठून आले, आम्हाला कळत नाही."

"छप्पन्नच की," सर म्हणाले. "प्रत्येक घरात आठ, म्हणजे सात आठे..."

आणि ते थांबले. मी मागे होते, मला त्यांचा चेहरा दिसला नाही, पण कान लाल होताना दिसले. मग ते उठले. त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली, कारण सुटातले सर त्या खुर्चीत घट्ट बसले होते. केतकीने आणि मी दोन्ही बाजूंनी ओढून ती काढली. कुणी हसलं नाही.

"तो आठ माझा आहे," सर म्हणाले.

"तो आठ माझा आहे!" मी जर्मनमध्ये खणखणीत सांगितलं, आणि सगळी सभा माझ्याकडे वळली.

"मी छत्तीस वर्षं गणिताचा शिक्षक होतो. 'अ'ची परीक्षा व्हायची आहे हे मला माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं हे कारण होत नाही. हा पेपर मी फोडलाय."

"हा पेपर मी फोडलाय," मीही म्हणाले. नियम म्हणजे नियम. हेर केसलर तोंडाचा आ करून माझ्याकडे बघत होते. मी दोन्ही हातांनी सरांकडे बोट दाखवत होते, तरी मुख्याध्यापिकांनी वहीत काही तरी टिपलं, ते माझंच नाव असावं.

सर फ्राऊ बेरेन्सकडे वळले. पुढचं ते फळ्यापाशी उभं राहून बोलावं तसं, सावकाश बोलले. "या बाईंनी मुलांना काहीही सांगितलेलं नाही. त्याला माझ्याकडे पुरावा आहे. यांनी पेपर पाहिला होता. यांनी सांगितलं असतं, तर मुलांचं उत्तर बरोबर आलं असतं. चुकलंय, याचा अर्थ ते माझं आहे. बाई, मी आत्ताच तुमच्याबद्दल जे बोललो, त्याची मला लाज वाटते."

मी सांगून संपवलं. माझा आवाज बिघडला होता. ते नियमात बसत नाही, पण झालं ते झालं. मग फ्राऊ बेरेन्सनी विचारलं, "बरं, पण आठच का?"

"तुमच्या मुलांचा आठचा पाढा कच्चा आहे," सर म्हणाले.

फ्राऊ बेरेन्सच्या तोंडून आधी एक हुंदका आला आणि मग हसू फुटलं. त्या हसायला लागल्या त्या थांबेनात. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "आहे! मी दोन महिने तेच म्हणतेय!" आणि मग अख्खी सभा बाकं वाजवायला लागली. ती नक्की कशासाठी, हे सरांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही. मुख्याध्यापिकांनी फ्राऊ बेरेन्सची सगळ्यांसमोर माफी मागितली. सोमवारी वर्ग त्यांचाच राहणार, आणि 'अ'ची मुलं दुसरी पुस्तिका सोडवणार, असं ठरलं.

तेव्हा मी हात वर केला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी माझं स्वतःचं बोलणार होते, आणि ते आधी सगळ्यांना सांगावं लागलं, नाही तर परत घोटाळा झाला असता. मी म्हणाले, तयारी करून घेऊ नका हे मी सांगितलं होतं, पण हसत सांगितलं होतं. तो दोष माझा. फ्राऊ बेरेन्स म्हणाल्या, "तुम्ही हसताय ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, माझ्या स्वेटरला हसताय." त्यांनी माफ केलं. मी अजून पुरतं केलेलं नाही.

बाकी वादाचा निकाल काय लागला म्हणाल, तर काहीच नाही. हेर केसलरचा अर्ज कशाबद्दल होता हे केतकीला त्याच सभेत समजलं. तिने सही खोडून मागितली. ते म्हणाले, कागद मंत्रालयात गेला. दोघं पार्किंगमध्ये पाऊण तास भांडत होते, आणि मी भाषांतर करत होते. ती म्हणे, मार्क द्या. ते म्हणत, परीक्षा बंद करा. वेरा आहे तशीच चालू आहे.

सर मात्र स्वस्थ बसणारे नव्हते. "चूक मी शिकवली, ती दुरुस्त करूनच जाईन," म्हणाले. पेपर, प्रश्न, तयारी, कशाला हात लावणार नाही असं त्यांनी मुख्याध्यापिकांना माझ्यामार्फत वचन दिलं. जायच्या आधी केलरमध्ये शेवटचा एकच वर्ग घेतला, आणि त्यात एकच गोष्ट शिकवली. दिलेली माहिती अपुरी असेल तर घाबरायचं नाही, पदरचं घालायचं नाही. सरळ लिहायचं, सांगता येत नाही. म्हणा सगळे. सगळे म्हणाले. मग सर विमानात बसले.

पुढच्या आठवड्यात 'अ'ने दुसरी पुस्तिका सोडवली, आणि आणखी काही दिवसांनी फ्राऊ बेरेन्सचा मला घरी फोन आला. त्यांना हसण्यामुळे धड बोलता येत नव्हतं. आमच्या नऊ मुलांनी जवळजवळ प्रत्येक प्रश्नापुढे लिहिलं होतं, सांगता येत नाही. चौकोनाला बाजू किती? सांगता येत नाही. पाउलकडे बारा गोट्या आहेत, त्याने पाच दिल्या, किती उरल्या? सांगता येत नाही. बस सव्वाआठला निघते, वीस मिनिटं लागतात, किती वाजता पोचेल? सांगता येत नाही. आमच्या गावची बस कधीच वेळेवर पोचत नाही, त्यामुळे या उत्तराला बरोबर द्यावं की काय, यावर शिक्षकांच्या खोलीत अर्धा तास चर्चा झाली होती. वर्ग सगळ्या शाळेत तळाला गेला होता.

"फार छान झालं," फ्राऊ बेरेन्स म्हणाल्या. "आता पेपर फोडल्याचा संशय माझ्यावर जन्मात कुणी घेणार नाही."

मी लगेच सांगलीला फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं त्यांना लागलं असावं.

"नऊच्या नऊ मुलांनी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"नऊच्या नऊ, सर."

"बघा," सर म्हणाले, "एकदाच शिकवलं होतं."